मिठाखालची टेकडी

सकाळी साडेदहाला टेकडी नाहीशी झाली. कोसळली नाही, कुणी पोखरली नाही; पडद्यावरची जुनी रेघ गेली, नवी आली, आणि जिथे चोवीस वर्षं टेकडी होती तिथे सपाट झालं. ती चहाचा कप हातात धरून संगणकवालीच्या खुर्चीमागे उभी होती. कचेरीत तिला सगळे नकाशाबाई म्हणत, कारण जमिनीखालच्या थरांचे नकाशे करण्यात तिची हयात गेली होती. संगणकवाली तिच्याहून बारा वर्षांनी लहान, आकड्यांच्या ढिगाऱ्यातून चित्र उपसून काढणारी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. "बघा मॅडम," ती म्हणाली, "मिठाचा वेग नीट घातला आणि तुमची ती प्रसिद्ध टेकडी आडवी झाली. नव्हतीच कधी." यावर नकाशाबाईने काहीतरी बोलायला हवं होतं. ती "हं" म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, म्हणजे ती बराच वेळ तशीच उभी असली पाहिजे. टेकडी नाही हे तिला आज कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिला ते चोवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत सपाट होणं वेगळं. तिने खुर्चीची पाठ धरली.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. जमिनीला ठोका द्यायचा, आवाज खाली जातो, थराथरावर आपटून परत येतो, आणि किती वेळाने परत आला ते उतरवून घ्यायचं. असे हजारो ठोके शेजारी शेजारी मांडले की जमीन सुरीने उभी कापल्यासारखी दिसते. त्या चित्राला ते सेक्शन म्हणतात. मेख एवढीच की सेक्शनवर खोली नसते, वेळ असते, आणि वेळेवरून खोली काढायला आवाजाचा वेग ठाऊक असावा लागतो. चिखलाच्या थरांतून आवाज रमतगमत जातो; मिठातून सुसाट. म्हणून मिठाच्या जाड ढिगाखालचा साधा सपाट दगडसुद्धा आपला आवाज लवकर परत पाठवतो आणि बघणाऱ्याला वाटतं, दगडच वर आलाय. मिठाखाली नसलेल्या टेकड्या दिसतात हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. सत्ताविसाव्या वर्षी तीही जाणत होती. सहा ओळींचा तक्ता होता, चौथी ओळ मिठाची, आणि चौथ्या ओळीत तिने तिसऱ्या ओळीचा, चिखलाचा, आकडा उतरवला होता. त्या एका आकड्याने सहाशे मीटर उंचीची टेकडी उभी राहिली. टेकडीच्या पोटात तेल असणार म्हणून तिच्यावर बोअर मारायचं ठरलं, आणि तक्त्याखाली 'तपासणार' असं लिहिलं होतं तिथे सरांनी, तेव्हाच्या प्रमुखांनी, सही केली. 'तयार करणार' ही जागा कोरीच राहिली, कारण तिचं पेन संपलं होतं आणि मग ते राहूनच गेलं.

"त्या वेळी हे वेग कुणी भरले होते हो?" संगणकवालीने मान न वळवता विचारलं. "जुन्या फाइलीत नुसती वीसकोटींची सही आहे." वीसकोटी हे सरांचं टोपणनाव. कुणी घाई केली, की झालं का, दुपारपर्यंत मिळेल का असं विचारलं, की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "अरे, याला वीस कोटी वर्षं लागलीत. तू दुपारपर्यंत थांब की." संगणकवालीने त्यांना पाहिलं नव्हतं, नावाभोवतीच्या गोष्टी मात्र तिने तिखटमीठ लावलेल्या ऐकल्या होत्या. सरांनी नसलेल्या टेकडीवर बोअर मारली. सत्तावीसशे मीटरवर माथा लागणार होता तिथे मीठ, अठ्ठावीसशेला मीठ, तीन हजारांना मीठ, आणि तेहतीसशेला लागला तो सपाट, पाण्याने भरलेला दगड. चौकशी बसली, चौकशीने एकच प्रश्न विचारला, सही कुणाची, आणि प्रमुखांच्या खुर्चीतून उठवून सरांना गावाबाहेर दगडांच्या कोठारावर पाठवलं. नंतर कचेरीत काही चुकलं की म्हणायची पद्धतच पडली: वीसकोटी झालं. ही म्हण ऐकताना ती चोवीस वर्षं खाली बघत आली होती, आणि दोनदा, तिला नेमकं आठवत होतं, इतरांबरोबर हसलीही होती.

साडेअकराला संचालकांनी बोलावलं. नव्या अहवालात 'मागील अपयशाचं कारण' असा एक परिच्छेद हवा होता, पाच वाजेपर्यंत. येत्या एक तारखेपासून ती प्रमुखांच्या खुर्चीत बसणार होती आणि हा अहवाल तिच्याच सहीने जायचा होता. "फार खोलात जाऊ नका," संचालक म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसले. "लिहा, तत्कालीन तंत्राच्या मर्यादा. कुणाला दुखवायचं नाही. गाडलेली मढी कशाला उकरायची? आणि हो, मिठाचा वेग त्या बोअरमधल्या कोअरवर मोजून बघायचाय, कोठारातून एक तुकडा मागवा." ती म्हणाली, "मीच जाऊन आणते." संचालकांनी भुवया उंचावल्या. कोअर म्हणजे यंत्राने खालून काढून आणलेले दगडाचे गोल दांडके; ते आणायला प्रमुख होऊ घातलेल्या बाईने जायची गरज नव्हती. पण कोठारावर ती चोवीस वर्षांत एकदाही गेली नव्हती हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. दर वेळी कुणा दुसऱ्याला पाठवलं होतं. पाठ दुखते, बैठक आहे, उन्हाचा त्रास होतो. या बाबतीत तिची कल्पनाशक्ती कधी कमी पडली नाही.

निघण्यापूर्वी तिने नवं सेक्शन पुन्हा एकदा पूर्ण उघडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शंभर किलोमीटर, आणि मग परिच्छेद, खुर्ची, संचालक सगळं काही वेळ तिच्या मनातून गेलं. इतकं स्वच्छ तिने ते खोरं कधी पाहिलं नव्हतं. तळाशी जुनी खचदरी: जमीन दोन्हीकडून ताणली गेली, मध्ये फाटली, आणि तिचे ठोकळे पायरी पायरीने खाली बसले. त्या दरीत कधीतरी समुद्र शिरला आणि उन्हात आटला, पुन्हा शिरला, पुन्हा आटला, लाखो वर्षं, आणि तळाशी मीठ साचत गेलं, दीड-दोन किलोमीटर जाड. मग नद्यांनी त्यावर गाळ आणून टाकला. इथून पुढचा भाग तिला वर्गात असल्यापासून पाठ होता आणि तरी दर वेळी तिचा श्वास थांबायचा. मीठ दिसतं दगड, पण पुरेसं वजन आणि पुरेसा काळ दिला की ते वाहतं. जिथे गाळाचं वजन जास्त पडलं तिथून ते हळूच काढता पाय घेतं आणि शेजारी जाऊन उभं राहतं. ते गेलं की वरचा गाळ खचतो, खचला की खळगा होतो, खळगा झाला की नद्या आणखी गाळ तिथेच आणून टाकतात, वजन आणखी वाढतं, मीठ आणखी निघून जातं. वर्षाला नखाएवढंही नाही. आणि त्यातून ही सगळी खोरी, हे सगळे उंचवटे, हे मिठाचे खांब, एखादं शहर पोटात घेतील असे, कुणी न बघता, कुणी न ऐकता उभे राहिले. खालच्या भेगा मिठात येऊन विरून जात होत्या. खाली दगड तुटला होता, कडाकड तुटला असेल, पण त्याच्या वर मीठ होतं, म्हणून वरचे थर तुटले नाहीत, नुसते वाकले. वरून बघणाऱ्याला कळलंही नसतं की खाली काही मोडलंय. तिला भरून आलं. आपण या गोष्टीच्या इतक्या जवळ बसून इतकी वर्षं पगारपत्रकं आणि रजेचे अर्ज यांत घालवली याची तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं असं दुसरं काहीतरी वाटलं. देवळात न जाणारी माणसं ज्याला नाव देत नाहीत ते.

हे सगळं सरांनी तिला पहिल्या दिवशी कणकेवर दाखवलं होतं. त्यांनी डब्यातून कणकेचा ओला गोळा आणला होता. बायकोने विचारलं तर म्हणाले, ऑफिसात लागतो. तिने कपाळाला हात लावला आणि दिला. गोळा थाळीत थापून त्यावर त्यांनी दोन जाड पुस्तकं ठेवली, मध्ये बोटभर फट सोडून. "आता काम कर," ते म्हणाले. ती कामाला लागली. तासाभराने त्यांनी हाक मारली तेव्हा दोन पुस्तकांमधल्या फटीतून कणीक वर आली होती आणि पुस्तकं खाली बसली होती. "कुणी ढकललं?" सरांनी विचारलं. "वजनाने." "वजनाने आणि?" तिने पुस्तकांकडे बघितलं. "आणि कुणी बघत नव्हतं म्हणून," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन चष्मा कपाळावर चढवला. मग सेक्शनवर एक जागा दाखवली, जिथे मीठ मुळीच नव्हतं, वरचा थर खालच्या थराला टेकला होता आणि दोघांमध्ये केसाएवढी रेघ होती. "हा सांधा. इथे एक किलोमीटर मीठ होतं. सगळं गेलं. आता सांग, होतं हे मला कसं कळलं?" तिने तेव्हा जे उत्तर दिलं त्यामुळे ती त्यांची लाडकी झाली. ती म्हणाली, वरचे थर खाली बसलेत त्यावरून; जेवढे बसलेत तेवढं मीठ होतं.

ते तिला पुस्तकातून कळलं नव्हतं, घरातून कळलं होतं. ती नऊ वर्षांची असताना दादा घर सोडून गेला. वडिलांशी काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. आईने त्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग महिन्याभराने तिथे एक ट्रंक गेली, कारण जागा होती. मग शिलाई मशीन. मग जादा गाद्या, वडिलांची जुनी मासिकं, मोडकी सायकल, पाहुण्यांची खाट. घरात जे जे नको होतं आणि टाकवत नव्हतं ते सगळं घरंगळत त्या खोलीत जाऊन बसलं. अकरा वर्षांनी दादा एका दुपारी परत आला. आई आनंदाने पुढे धावली. खोलीचं दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. तो दारात उभा राहून त्या ढिगाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बापरे, एवढा मोठा होतो मी?" आणि हसला. तीही हसली. पण वडील हसले नाहीत. ते ढिगाकडे असे बघत होते जणू तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

दुपारी दोनला ती बसमध्ये बसली. बाहेर रस्ता खोदला होता, एका बाजूने मातीचे ढीग आणि खड्ड्यात उतरलेली माणसं. खड्ड्याच्या भिंतीवर डांबराचे तीन काळे पट्टे एकाखाली एक दिसत होते, मध्ये खडी, खाली लाल माती. एरवी ती असं काही दिसलं की मोजत बसायची, नवरा तिला खड्डेवाली म्हणून चिडवायचा. आज ती मोजत नव्हती. आज तिला तो तिसरा आठवडा आठवत होता. बोअर सुरू होऊन वीस दिवस झाले होते. ती दुसऱ्याच कामासाठी सरांचं कपाट उघडून उभी होती, हातात तोच तक्ता आला आणि तिसरी ओळ आणि चौथी ओळ सारखी आहे हे तिला दिसलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं, तेही जमिनीचाच धंदा करत असून. काम थांबवता आलं असतं. उठून दहा पावलं चालायचं होतं, सरांच्या टेबलापर्यंत. तिला नोकरीत कायम व्हायला चार महिने होते. ती दहा पावलं चालली नाही. तक्ता घाईघाईने फाइलीत परत घातला एवढं आठवतं. नंतर रोज वाटे उद्या सांगू, मग वाटे आता फार खाली गेली बोअर, आता सांगून काय, मग चौकशी, मग सरांनी आपली कुंडी आणि थाळी पिशवीत घालून कचेरी सोडली त्या दिवशी दारात उभं राहून ती म्हणाली होती, "सर, येत जा हं." ते म्हणाले, "तू ये." खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. ती जागली नव्हती. त्यानंतर जे जे घडलं, नोकरीत कायम होणं, लग्नाचे वाढदिवस, मुलीचं शिक्षण, बढत्या, नावलौकिक, ते सगळं त्या एका जागेवर येऊन साचत गेलं होतं. छान जाड थर बसले होते. वरून बघणाऱ्याला सुरेख खोरं दिसलं असतं.

कोठार म्हणजे पत्र्याची तीन लांब छपरं. आत मांडण्याच मांडण्या आणि त्यांवर लाकडी पेट्यांत झोपवलेले दगडाचे दांडके, मैलोगणती. सर निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण कुठली पेटी कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते रोज येत, आणि त्यांना येऊ नका म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते टेबलाशी बसले होते, एवढेसे झालेले, स्वेटर घातलेले. चष्मा कपाळावरच होता. टेबलावर तीच थाळी होती, तिच्यात आता टाचण्या होत्या. ती दारात थांबली.

"ये," ते म्हणाले. "डाव्या पायावर जास्त वजन टाकतेस अजून."

"सर, तुम्ही ओळखलंत?"

"पावलं ओळखली. तोंड कुठे दिसतंय? दोन वर्षं झाली, मधोमध सगळं धुरकट. कडेकडेचं दिसतं. म्हणजे तू समोर उभी राहू नकोस, बाजूला उभी राहा, मग तुझा कान तरी दिसेल."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही येईल असं वाटलं. ती बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांनी वही पुढे सरकवली. तारीख, नाव, बोअर, पेटी, कारण, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं, वेग मोजणे. मग पेन खाली ठेवलं. ती बसमध्ये पुष्कळ वाक्यं जुळवत आली होती, त्यांतलं एकही आलं नाही.

"सर, तो तक्ता मी भरला होता. चौथ्या ओळीत चिखलाचा आकडा मी घातला. आणि मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं. बोअर अर्ध्यावर होती. मी बोलले नाही."

ते उठले, भिंतीवरच्या खिळ्यावरची किल्ली हाताने चाचपून काढली आणि मागच्या खोलीकडे चालू लागले. ती मागोमाग गेली. लहानशी खोली होती, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केलेल्या, आत एक दिवा सतत जळत ठेवलेला, हवा कोरडी राहावी म्हणून. मीठ पाणी ओढून घेतं आणि विरतं. ते जपायचं तर बाळंतिणीच्या खोलीसारखं जपावं लागतं. मांडणीवर पेट्या होत्या, दर शंभर मीटरवरचा एक तुकडा, मेणकापडात गुंडाळलेला.

"अर्ध्यावर नव्हती," ते पाठमोरेच म्हणाले. "तेराशे मीटरवर होती. मीठ अजून दीडशे मीटर खाली होतं."

तिला कळायला वेळ लागला. "तुम्हाला कसं..."

"अगं, तू तक्ता फाइलीत उलटा घातलास. माझ्या कपाटात कागद उलटा? दुसऱ्याच दिवशी काढून बघितला. तिसरी ओळ, चौथी ओळ. सही करताना बघायला हवं होतं. तुझ्यावर भरवसा होता, म्हणून बघितलं नाही. ती माझी पहिली चूक." ते एक पेटी शोधत होते, बोटं खाचांवरून फिरत होती. "दुसरी सांगू? बोअर थांबवायला एक फोन पुरला असता. फोन उचललाही होता मी. मग वाटलं, दीडशे मीटर. आयुष्यभर ज्याच्या रेघा मारल्या ते मीठ खाली दीडशे मीटरवर आहे. आजवर कुणी ते वर आणलं नव्हतं. थांबवली तर माझ्या हयातीत पुन्हा कुणी तिथे बोअर मारणार नव्हतं. फोन खाली ठेवला. कामगारांना सांगितलं, मिठातून जाल तेव्हा दर शंभर मीटरला तुकडा काढा. ते हसले. म्हणाले, साहेबांच्या घरचं मीठ संपलंय."

दिव्याचा बारीक गुणगुण आवाज येत होता. तिने कधी कल्पना केली होती की ते रागावतील. कधी, की क्षमा करतील. चोवीस वर्षांत तिने दोन्हीची पुष्कळ तालीम केली होती. हे तिच्या तालमीत नव्हतं. आपण ज्याला माणसाचा सत्यानाश समजून उराशी धरून बसलो तो सरांचा नवस होता, आणि तो फिटला होता, इतरांच्या जिवावर, तिच्या गप्प बसण्याच्या जिवावर. तिला राग आला. खरोखर आला, आणि तो टिकला नाही.

"आणि चौकशीत तुम्ही माझं नाव..."

"कुठल्या तोंडाने घेणार? तू चुकलीस ते पेन्सिलीने. मी चुकलो ते डोळे उघडे ठेवून. लोकांना वाटलं मला शिक्षा झाली. मला कुठली शिक्षा? मला मीठ मिळालं." ते पहिल्यांदा तिच्याकडे वळले, किंचित कडेला बघत. "तू येत नव्हतीस त्याचं वाईट वाटायचं. सोयीचंही वाटायचं. आली असतीस तर हे सांगावं लागलं असतं."

खिशात तिचा फोन वाजला. साडेचार झाले होते. संगणकवाली होती, साहेब दोनदा विचारून गेले, परिच्छेदाचं काय, मी टाइप करते, तुम्ही सांगा. ती भिंतीला टेकली आणि सांगू लागली, सावकाश, एकेक वाक्य. मिठाच्या जागी चिखलाचा वेग भरला गेल्यामुळे सपाट थर टेकडीसारखा दिसला. तक्ता तयार करणार, आणि तिथे तिने आपलं नाव सांगितलं. बोअर तेराशे मीटरवर असताना चूक तिच्या लक्षात आली होती; तिने ती कळवली नाही. मग ती थांबली आणि सरांकडे बघितलं.

"माझंही लिही," ते म्हणाले. "तपासलं नाही. नंतर कळलं. तरी थांबवलं नाही."

तिने तेही सांगितलं.  "मॅडम," संगणकवाली हलक्या आवाजात म्हणाली, तिचा फटकळपणा कुठच्या कुठे गेला होता, "हे असं पाठवलं तर एक तारखेचं... साहेब काय म्हणतील माहितीये ना?"

"माहितीये. असंच पाठव."

फोन ठेवल्यावर हलकं वगैरे वाटलं नाही. मीठ निघून गेल्यावर पडतो तसा खळगा पडला होता आणि त्यात आता काय काय येऊन पडेल हे तिला दिसत होतं: नवऱ्याला सांगणं, मुलीला सांगणं, ती म्हण, ज्यात आता तिचं नाव येईल. सरांनी तोवर मेणकापड सोडलं होतं. "वेग नंतर मोज," ते म्हणाले. "आधी बघ." त्यांनी तिच्या हातात मुठीएवढा तुकडा ठेवला. तिला वाटलं होतं पांढरा असेल. तो काचेसारखा होता, आरपार, किंचित धुरकट, हाताला कोरडा आणि जड. "दिव्यासमोर धर. डावीकडे कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं पाणी आहे."

तिने धरला. मिठाच्या आत, चारही बाजूंनी बंद, एक थेंब होता. वीस कोटी वर्षांपूर्वी आटता आटता राहून गेलेला समुद्र. ज्या पाण्यावर कुठल्याही माणसाची, कुठल्याही पाखराची सावली पडली नव्हती ते पाणी. त्याच्या वर दगडांचा दीड किलोमीटर भार आला, मीठ पिठासारखं मळलं गेलं, वाहिलं, चढलं, आणि हा थेंब त्याच्या पोटात बसून राहिला. थेंबात एक बुडबुडा होता, टाचणीच्या डोक्याएवढा. तुकडा स्थिर राहावा म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"आता तिरका कर. हळू. गवंड्याच्या लेव्हलीत असतो तसा आहे. रोज करतो मी हे. दोन वर्षं दिसत नाही, तरी करतो." त्यांनी मान तिच्या हाताकडे नेली, इतकी जवळ की त्यांचा श्वास मिठावर पडू नये म्हणून तिने हात मागे घेतला. "हलला?"

तिने तुकडा कलता केला. क्षणभर काही झालं नाही. मग बुडबुडा सुटला आणि पाण्यातून सावकाश, आपल्याच लयीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. तिला वाटलं आपण काहीतरी असं पाहिलं की यापुढे खुर्ची मिळो न मिळो. 

"हलला?"

"हलला, सर."

त्यांनी समाधानाने मान हलवली. बाहेर टेबलाशी आल्यावर त्यांनी वही नाकाशी धरून कडेच्या नजरेने तिची ओळ शोधली, कारणाच्या रकान्यात 'वेग मोजणे'च्या खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, बुडबुडा हलतो, आणि पुढे, तपासणाऱ्याच्या जागी, सही केली.